एक स्टार देणाऱ्या भाऊंना लॅबकडून उत्तर: गाठ एकच, स्टेज दोन काहून?

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. आधी एक काम करा, तुम्ही रिपोर्टचा जो फोटो टाकला त्यात वडलांचं नाव अन् मोबाईल नंबर साऱ्या दुनियेला दिसून राहिला, तो काढा. मी इथं तुम्ही स्वतः लिहिलं तेवढ्यावरच बोलतो.

तुमचं म्हणणं असं, की छातीतल्या थायमस ग्रंथीच्या (छातीच्या हाडामागं असते ती) गाठीचं ऑपरेशन नागपूरला झालं, ब्लॉक (गाठीचा मेणात बसवलेला तुकडा) अन् स्लाइडा तुम्ही आमच्याकडे दाखवायला आणल्या, आम्ही 'स्टेज २-ए' लिहून घरच्यांची झोप उडवली अन् मंग नागपूरच्या रिपोर्टात 'स्टेज १' आलं. म्हणून आमची लॅब बोगस अन् ८०० रुपये पाण्यात गेले.

भाऊ, दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत. स्टेज म्हणजे गाठ कुठवर पसरली ते, अन् ते मोजायच्या पद्धती दोन आहेत: आम्ही मासाओका-कोगा पद्धतीनं लिहिलं, त्यांनी टीएनएम नावाच्या पद्धतीनं. आमच्या रिपोर्टात तसं छापलंय पण, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. ते तुम्हाला दिसलं नाही तर त्यात तुमची चूक नाही.

या गाठीभोवती एक पातळ आवरण असते, शेताला धुरा, म्हणजे बांध, असतो ना तसं. मायक्रोस्कोपखाली ते गुलाबी दोऱ्यासारखं दिसते अन् त्याच्या पलीकडची चरबी म्हणजे पांढऱ्या रिकाम्या जाळीसारखी. तुमच्या स्लाइडवर दोन जागी पेशी तो दोरा तोडून जाळीत शिरलेल्या आहेत, मी शाईचे ठिपके देऊन ठेवले, कोणालाही दाखवा. आता मासाओका म्हणतो धुरा ओलांडला की स्टेज २, नुसता मायक्रोस्कोपखाली ओलांडलेला दिसला तर २-ए. टीएनएम म्हणते नुसत्या चरबीत गेली तर काही बिघडत नाही, स्टेज १ च. हृदयाच्या आवरणात शिरली की मंग त्यांचं स्टेज २ सुरू होते, तेच मासाओकात सरळ ३ धरतात.

मासाओकाची पद्धत १९८१ ची, शंभराच्या आत पेशंटांवर बसवलेली, १९९४ मध्ये कोगानं सुधारली. तरी इतकी वर्षं डॉक्टर लोकांनी तीच वापरली, कारण सोपी आहे अन् बऱ्यापैकी चालते. नंतर जगभरातल्या दहा हजारांवर पेशंटांचा डाटा गोळा झाला, त्यात दिसलं की जुन्या १ अन् २ वाल्यांचं पुढं जवळपास सारखंच होते, म्हणून टीएनएमच्या आठव्या आवृत्तीत दोन्ही एकाच खान्यात टाकले. (आता तर नववी पण आली, त्यात गाठ ५ सेंमीच्या वर आहे का खाली तेही पाहतात, तरी स्टेज १ ते १ च.) खरा फरक पडते तो पुढच्या स्टेजात, जुन्या ३ मध्ये फुप्फुसात गेलेली अन् महाधमनीत गेलेली गाठ एकाच पोत्यात, अन् काढता येईल का नाही हे तर त्यावरच ठरते. टीएनएमच्या आठव्या आवृत्तीनं त्याचे ३-ए अन् ३-बी केले (नवव्या आवृत्तीत नुसत्या फुप्फुसात गेलेली २ मध्येच धरतात), अन् टीएनएम लसिकाग्रंथी वेगळ्या मोजते. मले विचाराल तर तिथं टीएनएम सरस आहे.

तुमच्यासाठी आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गाठ पूर्ण निघाली, कडा साफ आहेत. ते आमच्या रिपोर्टात पहिल्याच ओळीत आहे बाप्पा! पण ही गाठ कधी कधी खूप वर्षांनी परत येते, म्हणून स्टेज १ ऐकून सीटी स्कॅनच्या तारखा चुकवू नका.

आता आमची चूक. काउंटरवरचं पोरगं तुम्हाला 'स्टेज २ म्हणजे केमो लागते' असं बोललं, ते मी त्याला विचारलं, त्यानं कबूल केलं. पूर्ण निघालेल्या अशा गाठीला सहसा केमो देत नाहीत अन् ते ठरवणारे तुमचे डॉक्टर, तो नाही, मी पण नाही. त्याच्यासाठी मनापासून माफी मागतो. ८०० मात्र परत करत नाही, ब्लॉकमधून नवीन काप घेऊन स्लाइडा बनवल्या, त्याचे ते पैसे आहेत.

दोन्ही पद्धतींचा स्टेज ठळक लिहून सुधारित रिपोर्ट बनवून ठेवला, त्याचे पैसे नाहीत. बाजाराच्या दिवशी इकडे येणं होईलच, तेव्हा घेऊन जा, अन् मेणाचा ब्लॉक अजून आमच्याकडेच पडून आहे तोही आठवणीनं न्या, नागपूरवाले मागतील.