खुलासा: रोज पेनकिलर घेऊन त्वचेचा कर्करोग टळत नाही

‘कॉक्स-२ एन्झाइममुळे त्वचेचा कर्करोग होतो, म्हणून रोज एक पेनकिलर घ्या’ हा फिरणारा मेसेज अर्धवट आणि घातक आहे. कॉक्स-२ हे शरीरात दाह घडवणारं एन्झाइम आहे आणि काही पेनकिलर ते रोखतात.

पहिला बिघाड उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण करतात, पेशीच्या डीएनएत, बरेचदा पी५३ या बिघडलेल्या पेशीला रोखणाऱ्या जनुकात. त्याच उन्हाने कॉक्स-२ वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई२ हे दाह वाढवणारं रसायन तयार होतं आणि मरायला हवी होती ती बिघडलेली पेशी जगते, वाढत जाते. एवढं खरं.

पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २४० जणांच्या अमेरिकी चाचणीत सेलेकॉक्सिब ही कॉक्स-२ रोखणारी पेनकिलर (२०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ९ महिने) घेऊनही कर्करोगपूर्व खरखरीत चट्टे कमी झाले नाहीत. मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) सोडून इतर त्वचाकर्करोग मात्र कमी आढळले. आणि याच गटातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढावं लागलं. रोजच्या गोळीचा सल्ला म्हणूनच देऊ नका. सनस्क्रीन लावा, न भरणारी जखम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.