रूळ गेले, सराटे राहिले

कोल्हापूरकराला कोरड्या मुलखाचा अंदाज नसतो. नळाला एक दिवस पाणी आलं नाही की आम्ही दुष्काळ जाहीर करून मोकळे. त्यामुळं रंकाळ्यावर बसून कुणी ‘जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून सायकल मारूया’ म्हटलं, की ऐकणाऱ्यांना रुकडी-हातकणंगल्याकडचा हिरवा ऊस दिसायला लागतो. पण आमची मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ पासून चालू आहे आणि चालू लाइनवर बेकायदा शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. बंद मार्ग हवा असेल तर बार्शीकडच्या कोरड्या मुलखात जावं लागतं.

बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची करामत. १८९७ मध्ये बार्शी-कुर्डुवाडी सुरू झाली, १९११ मध्ये लातूर गाठलं, १९२७ मध्ये मिरज. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. पुढं मार्ग रुंद करताना नवी लाइन धाराशिवला वळसा घालून नेली आणि बार्शी-येडशी दरम्यानचा रामलिंग घाटातला जुना तुकडा सुटला. तो शोधायला उपग्रहाचा नकाशा पुरतो. वेड्यावाकड्या बांधांच्या गर्दीत एकच रेघ शिस्तीत जाते आणि वळली तरी अदबीनं वळते. अशी रेघ शेतकरी आखत नाही.

प्रत्यक्षात मात्र ती रेघ मधूनच एखाद्या शेतात शिरते आणि पलीकडून निघत नाही. भराव नांगरलेला असतो, त्यावर ज्वारी असते, नाहीतर म्हैस बांधलेली असते. तिथं हटकून संवाद होतो.

“काय शोधताय पाव्हणं?”

“रेल्वे.”

“ती गेली की.”

“गेली म्हणूनच आलोय.”

यावर पाव्हण्याकडं जसं बघायचं तसं बघितलं जातं. वाद न घालता बांधानं जावं. घाटाचा भाग अभयारण्यात येतो, तिथली परवानगी वनखात्याकडून आधीच काढावी.

आता मूळ दुखणं. रेल्वेनं मागं जे जे ठेवलंय त्याचं माप गाडीचं आहे, तुमचं नाही. रुळांखालचे आडवे स्लीपर उचललेले असतात हे उपकारच. कारण त्यांच्यातलं अंतर असं असतं की एकेक गाठावा तर पाऊल आखडतं, एक सोडून एक गाठावा तर उडी मारावी लागते. खडी अंड्याएवढी आणि कडा मुद्दाम धारदार, कारण तिनं एकमेकींत अडकून बसावं अशी अपेक्षा. पायात कोल्हापुरी घालून तिच्यावर चालणाऱ्यानं चप्पल आणि अभिमान दोन्ही शिवायला टाकावेत. जाड तळव्याचा, घोटा धरणारा बूट लागतो.

चढाची तर वेगळीच गंमत. इंजिनाला दम लागू नये म्हणून चढ अगदी सौम्य ठेवतात. शंभर फुटांत एक फूट चढ डोळ्याला दिसत नाही, मांडीला कळतो. त्यामुळं कोल्हापूरचा प्रत्येक गडी पहिल्या दोन किलोमीटरात उतरून ब्रेक घासतोय का बघतो. ब्रेक घासत नसतो. पुन्हा बसतो, पुन्हा उतरतो, मग सीटची उंची बदलतो. मोरी आली की हा सौम्यपणाही संपतो. लोखंडी गर्डर काढून नेलेले, दोन्ही काठांना दगडी बांधकाम तेवढं उभं, मधे ओढा. सायकल खांद्यावर, खाली उतरा, वर चढा. मधल्या दांडीची सायकल इथं बरी, खांद्याला धरायला काहीतरी असतं.

आणि सराटे. या काट्याची रचनाच अशी की कसाही पडला तरी एक टोक आभाळाकडंच. जोडीला वेडी बाभूळ. टायर दोन इंच रुंद तरी हवं आणि हवा थोडी कमी. पण फार कमी केली तर खडीवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. गावठी व्हॉल्व्ह असेल तर आतली रबरी नळी उन्हात चिरते; वीतभर जादा ठेवा. माणशी दोन ट्यूब, ठिगळं, सोल्युशन, पॉलिश पेपर, पंप.

पंक्चर काढायचं सगळ्यांना येतं, असं सगळ्यांचं मत असतं. दुकानात घमेल्यात पाणी असतं, बुडबुडे दिसतात. इथं पाणी पिण्यापुरतं. म्हणून ट्यूब फुगवून ओठाजवळून फिरवायची, वाऱ्याची बारीक झुळूक लागते. दिसायला प्रकार जरा प्रेमळ आहे, इलाज नाही. मग घासायचं, सोल्युशन लावायचं आणि हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. आमच्याकडचा माणूस इथं थांबत नाही. ओल्यावरच ठिगळ दाबतो, अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा उतरतो आणि कंपनीला शिव्या घालतो. त्याहून मोठी चूक म्हणजे टायर आतून न तपासणं. बोट फिरवू नये, बोटाचं पंक्चर होतं. कापडाचा बोळा फिरवावा. जिथं धागा अडकेल तिथं काटा.

पाणी माणशी चार लिटर, जास्तच. जयसिंगपूरचं भडंग सोबत नेऊ नये हे लिहून काही उपयोग नाही, सगळे नेतातच. मग भडंगापायी पाणी संपतं आणि पाण्यापायी वस्ती गाठावी लागते. वस्तीवर पाण्याआधी चहा येतो. नको म्हणू नये, नाहीतर दोन कप येतात. जायचं ते थंडीत. पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधे बसते आणि सायकल ढकलूनही हलत नाही.

येडशीला नवे रूळ भेटतात. तिथं मुकाट्यानं डांबरी रस्ता धरावा. परतीला सायकल गाडीत घालायची तर लगेज किंवा पार्सल म्हणून बुक करावी लागते, आणि ती सोय प्रत्येक स्टेशनावर नसते. मग टेम्पो. टेम्पोवाला सायकलीचं भाडं माणसाएवढंच सांगतो. तिची दोन्ही चाकं बसलेली आहेत, म्हणजे ती उभ्या माणसापेक्षा कमी जागा घेते, हा मुद्दा मांडून बघावा. तो ऐकून घेतो आणि भाडं तेवढंच ठेवतो.