टोलच्या लायनीत उभी बस

परवा रविवारी संध्याकाळी पुण्याहून दादरला येत होतो, बस फुल्ल, आणि नाक्यावर अडकलो. पुढच्या टेम्पोचा फास्टॅग काही केल्या रीड होईना, मग एक पोरगा हातातलं मशीन घेऊन आला, म्हणे गाडी जरा मागे घ्या, आता मागे कुठे घेणार, मागे आम्ही. आमचा ड्रायव्हर अर्धा खिडकीबाहेर, आणि शेजारच्या लेनमधून एकेकटा माणूस बसलेल्या एसयूव्ही सटासट पुढे चाललेल्या. चौदा मिनिटं गेली (मोजायची वाईट खोड आहे मला). मागच्या सीटवरचे काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "पुढच्या वेळी इंद्रायणीनेच येतो, नाहीतर तू गाडी घेऊन ये न्यायला."

झालं, एक पॅसेंजर गेला. तिकीट वीस-तीस रुपयांनी वाढलं म्हणून लोक कुरकुरतात पण येतात, किती वाजता पोचणार हेच सांगता येईना की मग येत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर एक्सप्रेसवेवर एप्रिल 2023 पासून कारला 320 आणि बसला 940. ऐकायला जास्त वाटतं, पण बसमध्ये चाळीस जण धरले तर माणशी साडेतेवीस रुपये, म्हणजे बसला टोल महाग पडतोय असं माझं म्हणणंच नाही. महाग पडतो तो वेळ. चाळीस माणसांची चौदा मिनिटं आणि एका माणसाची चौदा मिनिटं नाक्यावर सारखीच धरली जातात, कारण तिथे मोजतात ती वाहनं.

आणि सवलत म्हटली की आधी आठवतो तो कारवालाच. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही एंट्री पॉइंटला हलक्या वाहनांना माफी, ऑगस्ट 2025 मध्ये नॅशनल हायवेवर 3000 रुपयांत 200 ट्रिपांचा पास आला, तोही फक्त खाजगी कार-जीप-व्हॅनला. हां, अटल सेतूवर ई-बसला टोल माफ केला ते चांगलंच केलं, नाही कशाला म्हणू.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, ऑफिसला मॅनहॅटनला बसने जाते. तिथे लिंकन टनेलच्या अलीकडे सकाळच्या गर्दीत समोरून येणाऱ्या बाजूची एक लेन काढून फक्त बसला देतात, 1970 पासून, आणि ती लेन चारेक किलोमीटर आधीपासून सुरू होते! खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे खालापूरला आणि उर्सेला नुसत्या बूथवर 'फक्त बस' असा बोर्ड लावून काय उपयोग, रांग एक किलोमीटर मागे सुरू झालेली असेल तर त्या बूथपर्यंत बस पोचणार कशी? लेन रांगेच्या शेपटीच्याही मागून हवी, मग ती एसटीला द्या, खाजगी व्होल्वोला द्या, माझं काही म्हणणं नाही.

लोक ओरडतील की लेन रिकामी पडलीय आणि आम्ही इथे तुंबलोय. अहो, रिकामी आहे म्हणूनच तर बस पुढे जाईल ना!

दर आठवड्याला पुणे-मुंबई करणारे कोण कोण आहात इथे? नाक्यावर किती मिनिटं जातात ते लिहा खाली, आणि कारवाल्यांनीही लिहा, भांडू आपण.