पोट्टीचा फोन कोण तपासतं?

पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी केली. आमच्या यवतमाळकडच्या नातेवाइकांत ‘पोट्टे मोबाइलनं बिघडले’ हा वाद अजून चालू आहे. मी जर्मनीत बसून तो ऐकते. रात्रभर गेम खेळणाऱ्या पोराच्या हातून फोन काढून घ्या, माझं काहीच म्हणणं नाही. पण बंदीच्या आडून घरोघरी दुसरंच सुरू होतं: झडती. तीही बहुतेक वेळा मुलीच्याच फोनची, आणि घेणारा भाऊ. एखाद्या मुलाचा नंबर सापडला की शाळा बंद आणि स्थळं सुरू. हे मी जवळच्या घरांत पाहिलंय.

इथं माझ्या शेजारची आई बारा वर्षांच्या लेकीच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवते. मुलाची स्वतः निर्णय घेण्याची कुवत आणि गरज वाढत जाते, ती आईबापांनी लक्षात घ्यावी, असं इथला नागरी कायदाच सांगतो. गावाकडे हे सांगितलं की काकू विचारते, “पण दार कुठं आहे वो?” खरं आहे तिचं. सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, त्यातच चूल. तेवढ्यात आजीसकट सहा माणसं.

आमच्या वेळी आडोसा वावरात मिळायचा. कापूस वेचताना मैत्रिणी शेजारशेजारच्या पाती, म्हणजे ओळी, धरायच्या. पाळी, भीती, आवडलेला मुलगा, सगळं तिथं बोलून व्हायचं आणि तिथंच राहायचं. आज ते बोलणं फोनमध्ये गेलंय. म्हणून मुलीचे मेसेज वाचणं मला त्या पातीत लपून बसून ऐकण्यासारखं वाटतं. मुलांच्या खाजगी आयुष्यात आणि पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ नको, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं कलम 16 म्हणतं. भारतानं तो करार 1992 मध्ये स्वीकारला.

इथल्या बंद दारांचंही मला भय वाटतं. आत पोर आठवडाभर रडत असली तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. आमच्याकडे उतरलेला चेहरा ओसरीवरच्या काकूला लगेच दिसतो. ती जवळ बसवते, विचारते, आणि ऐकलेलं पोटात ठेवते. अशी काकू मला होती, म्हणून मी शिकले. गावाची ही नजर मला हवी आहे. चौकशी करून चारचौघांत सांगणारी नको.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. फोनचा विषय आधी तिथं मांडा, शाळकरी मुलींना बोलवा. नियम पोरांना आणि पोरींना एकच ठेवा, आणि बहिणीचा फोन उघडायचा हक्क भावाला नाही हे ठरावात लिहा. शाळेची एक खोली संध्याकाळी मुलींसाठी उघडी ठेवता येईल का, हेही त्याच दिवशी विचारा.