लग्नाआधी मुलीच्या मेंदूचा स्कॅन मागायचा म्हणे!

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. "मामा, ग्रुपवर काकूंनी टाकलंय ते वाचलंस? माझा मेंदू खरंच जळलाय का रे?"

तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे भावना फार तीव्रतेने उसळतात आणि नाती डळमळतात असा मानसिक आजार. घरात हे तिघांनाच ठाऊक आहे, काकूंना नाही. मेसेज म्हणतो, अशा माणसांचा मेंदू वाईट आठवणींनी जळतो, एमआरआयमध्ये ते लालभडक दिसतं, आजार जन्मात बरा होत नाही. तेव्हा लग्नाआधी मुलीचा स्कॅन मागा. मुलीचाच बरं का.

तो लाल रंग मेंदूत नसतोच. तो संगणक भरतो, आणि अभ्यासातल्या चित्रात बहुतेक वेळा अनेक जणांची सरासरी असते. त्यावरून एका माणसाचं निदान कुठलाच डॉक्टर करत नाही. निदान होतं ते बोलून, विचारपूस करून: नऊ निकषांपैकी किमान पाच जुळावे लागतात. हिशेब केलात तर जुळणीचे २५६ प्रकार होतात. दोन रुग्णांत एकच लक्षण सारखं असू शकतं. आणि काकू स्कॅन मागणार! सेंटरवाला पैसे घेईल, रिपोर्टात 'नॉर्मल' लिहून देईल.

आठवणींचं अगदीच खोटं नाही, तेवढं मान्य. २००६ च्या एका जर्मन अभ्यासात वीस रुग्ण स्त्रियांना आयुष्यातले मिटलेले आणि न मिटलेले प्रसंग आठवायला लावले. न मिटलेले आठवताना भावनांशी निगडित भागांचं काम निरोगी स्त्रियांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. पण जास्त काम म्हणजे जळणं? आणि वीसच जणी!

'बरा होत नाही' वाचून मात्र डोकं फिरलं. बोस्टनजवळच्या मॅक्लिन हॉस्पिटलात मेरी झनारिनी यांनी २९० रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. २०१० साली निष्कर्ष छापून आले: ९३ टक्के रुग्ण सलग दोन वर्षं तरी निदानाच्या निकषांत बसेनासे झाले. लक्षणं जाऊन कामधंदा आणि नातीही रुळावर येणं निम्म्यांनाच साधलं, हेही त्यातच आहे. पण 'जन्मात नाही' कुठून आलं?

'मरेन म्हणणं हे नाटक, लक्ष देऊ नका' असंही मेसेजच्या खाली आहे. लक्ष द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

ग्रुपवर यातलं काही लिहिलेलं नाही. लिहिलं की काकू पहिलं विचारणार, "तुला रे एवढं कसं माहीत?"