जमीन महाग, म्हणून घर महाग? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नवी मुंबईतल्या भूखंडविक्रीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भूखंड स्वस्त दिला तरी घर स्वस्त होणार नाही, मधला पैसा बिल्डर खाईल; त्यापेक्षा निविदा काढून जास्तीत जास्त भाव घ्यावा, सिंगापूरही तेच करतं.

पहिला मुद्दा मान्य. शेजारचा फ्लॅट ज्या भावाने जातो त्याच भावाने बिल्डर आपला विकतो. जमीन त्याला कितीला पडली हे बघून दर लावत नाही. ‘जमीन स्वस्त तर घर स्वस्त’ हे माझं वाक्य चुकलंच. भूखंडाच्या पैशातून कामं झाली हेही खरं. मानखुर्द–बेलापूर रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला. मे १९९२ मध्ये वाशीला लोकल आली. त्याआधी आई मानखुर्दला उतरून खाडीपुलावरून येणाऱ्या बससाठी रांगेत उभी राहायची, पावसाळ्यात ऑफिसची पर्स पदराखाली धरून.

पण तुम्ही एका भूखंडाचा हिशेब मांडताय, मी शहराचा. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी सार्वजनिक हिताच्या नावाने घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये जमिनी गेलेल्यांच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. अशा जमिनीला सर्वांत मोठी बोली एवढीच कसोटी लावायची? शिवाय इथे आराखडा करणारा आणि जमीन विकणारा एकच, सिडको. वर्षात किती भूखंड काढायचे हेही त्याच्याच हातात. कमी काढले की भाव चढतो. माझा आक्षेप यावर आहे, निविदेवर नाही.

आता सिंगापूर. तिथे कुठल्या जागा विकणार याची यादी दर सहामाहीला आधीच जाहीर होते. पक्क्या यादीतल्या जागा ठरल्या वेळी निविदेला निघतात. राखीव यादीतली जागा मात्र एखाद्या बिल्डरने सरकारला पटेल इतक्या किमान बोलीची हमी दिली की निघते. बांधकाम पुरं करायची मुदत करारातच असते. आणि मुख्य म्हणजे, तिथले दहातले जवळजवळ आठ रहिवासी एचडीबी या गृहनिर्माण मंडळाच्या सरकारी घरांत राहतात. लिलावाची झळ उरलेल्यांनाच. आपल्याकडे बाजारभाव परवडला नाही तर सोडतीत नाव निघायची वाट बघायची.

मी वाशीतल्या जेएन टाइपच्या घरात वाढले. ओट्याखाली आम्हा दोघा भावंडांची दप्तरं असायची, अभ्यास खिडकीच्या कट्ट्यावर. घर लहान होतं, पण बाबांच्या पगारात बसलं. ते सिडकोने स्वतः बांधलं होतं. सगळं बोलीवर सोडलं असतं तर इतकं लहान घर बांधायला कोण आलं असतं?

म्हणून माझं म्हणणं असं, की वर्षभराची भूखंडांची यादी आधी जाहीर करा, बाजार चढो वा पडो, ती पाळा. आणि लहान घरं किती बांधायची हे निविदेतच ठरवून द्या. त्याने बोली उतरेल, हे मला ठाऊक आहे. पण काका, तुमच्याच हिशेबाने बघा, तो उतरलेला पैसा या वेळी बिल्डरच्या खिशात जात नाही. तो त्या लहान घरांत जातो.