'पोरासोरांचा खेळ' म्हणून मिळालेल्या दोन स्टारांना आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही माहेरी आला होतात. तुमची दोन आणि भावाची दोन, अशी चार मुलं घेऊन भर दुपारी धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या गेम झोनमध्ये आलात आणि घरी जाऊन रिव्ह्यूत दोन स्टार दिलेत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'सॅकबॉय: अ बिग ॲडव्हेंचर' हा बाळबोध खेळ 'पुरस्कारविजेता' म्हणून गळ्यात मारला, १३ वर्षांचा मुलगा अर्ध्या तासात कंटाळला, एक रिमोट खराब होता, चौघं खेळायची सोडून भांडत बसली आणि वर तासाचे ६० प्रमाणे चार रिमोटचे २४० रुपये घेतले. हे उत्तर मी दोनदा लिहून खोडलं. पहिल्यांदा रागात लिहिलं होतं, दुसऱ्यांदा नुसतीच माफी झाली होती.

आधी रिमोटचं बोलतो, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. चौथा रिमोट तुमच्या भावाच्या धाकट्याच्या हातात होता. खेळातली त्याची बाहुली थांबली की आपली डावीकडे सरकत सरकत कड्यावरून खाली. मी काउंटरवरून पाहिलं आणि मला वाटलं, लहान आहे, जमत नसेल. तो मात्र दोन्ही अंगठे वर धरून मोठ्या बहिणीला दाखवत होता, "मी काही करी नही राह्यनू, तो आपेआप पयी राह्यना!" (मी काही करत नाहीये, तो आपोआप पळतोय!) पोरगं खरं सांगत होतं आणि तरी चौघांत शिव्या त्यालाच पडत होत्या. रात्री दुकान बंद केल्यावर मी तो रिमोट खोलला. अंगठ्याने फिरवायच्या काडीच्या खाली कार्बनची बारीक पट्टी असते, तिच्यावर टोक घासत राहतं. ती पट्टी झिजली की हात न लावताही मशीनला वाटतं, काडी ढकलली आहे. आपल्याकडची धूळ आत गेली की अजूनच लवकर. आठवडाभर आधी स्प्रे मारून मी तो चालवून घेतला होता, तो तेव्हाच काढून ठेवायला हवा होता. आता आतला भाग बदलून नवा बसवलाय. ६० रुपये तुमचे परत. तुम्ही पुण्याला गेला असाल तर भाऊंना सांगा, कधीही घेऊन जावेत.

आता खेळाबद्दल. हा खेळ सोपा आहे, हे तुम्ही पहिल्या नाही म्हणत. नोव्हेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा परीक्षणं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी हेच लिहिलं. दिसायला देखणा, लोकर-पुठ्ठा-बटणांचं जग हाताला जाणवेल असं, गाण्याच्या तालावर चालणाऱ्या लेव्हल तर सगळ्यांनाच आवडल्या. पण उडी थोडी तरंगती, कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही त्यामुळे समोरची फळी जवळ आहे की लांब हे चटकन कळत नाही, गोष्ट साधी, आणि मारिओने आधीच करून ठेवलेलं पुन्हा केलंय, असंही लिहिलं गेलं. जुन्या चाहत्यांचं दुःख वेगळंच होतं. २००८ च्या 'लिटल बिग प्लॅनेट'मध्ये हीच बाहुली होती आणि लेव्हल स्वतः बनवता यायच्या. इथे ती सोय काढून टाकली. सगळं धरून शंभरातले ऐंशीच्या आसपास गुण पडले. म्हणजे फर्स्ट क्लास, पण बोर्डात पहिला नाही.

पुरस्काराचंही सांगतो. तो खोटा नाही. २०२१ च्या बाफ्टा या ब्रिटनमधल्या पुरस्कारांमध्ये या खेळाला दोन बक्षिसं मिळाली, एक कौटुंबिक खेळाचं आणि एक ब्रिटिश खेळाचं, कारण बनवणारी सुमो डिजिटल ही कंपनी इंग्लंडमधल्या शेफिल्डची. त्याच सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला तो 'हेडीस'. मी बोर्डावर नुसतं 'पुरस्कारविजेता' रंगवलं आणि कशासाठी ते लिहिलं नाही. ते वाचून १३ वर्षांच्या मुलाला काहीतरी जबरदस्त बघायला मिळेल असं वाटलं, तर त्यात त्याचा काय दोष?

पण दोन गोष्टी मला पटल्या नाहीत.

पहिली, पैसे काढायला चौघांना बसवलं ही. हा खेळ एकापासून चौघांपर्यंत एकत्र खेळायलाच बनवलाय. काही लेव्हल तर अशा आहेत की किमान दोघं असल्याशिवाय उघडतच नाहीत. एकट्याने खेळलात तर तुमच्यापेक्षा मीच कमी स्टार देईन. खरं सांगू का, माझ्या अनुभवात दोघांत तो सगळ्यात छान रंगतो, तिघांत चालतो आणि चौघांत जत्रा होते. एकच पडदा, पुढे पळणारा पुढे पळतो, मागचा बोंबलतो. हे तुम्हाला आधी सांगून दोन-दोनच्या जोड्या लावायला हव्या होत्या. ते माझ्याकडून राहिलं, पण बाहेर ४३ अंश आणि आत आमरस-खापरपोळी जेवून आलेली अकरा पोरं, त्यात सुचलं नाही.

दुसरी, भांडणाची. ताई, एकमेकांना चापट मारायचं बटण त्या खेळातच आहे! उचलून फेकताही येतं. बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम ठेवलंय. तुमच्या मुलीने मामेभावाला उचलून दरीत टाकलं तेव्हा ती हसत होती आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच भावाला उचलून तिने वरच्या फळीवर ठेवलं. तेव्हा तुम्ही फोनवर बोलत बाहेर होतात. मी पाहिलं म्हणून सांगतो. खरं भांडण झालं ते त्या रिमोटमुळे, आणि ते माझ्या खात्यावर.

तुमच्या थोरल्याने मला 'इट टेक्स टू' लावा म्हटलं होतं, मी नाही म्हणालो, त्याचाही राग तुमच्या लिहिण्यात दिसला. तो २०२१ चा खेळ आहे, त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ठरलेला. मलाही जास्त आवडतो. पण तो फक्त दोघांचाच आहे, बाकी दोघं बघत बसली असती. आणि घटस्फोट घ्यायला निघालेले आईबाप बाहुल्या होतात अशी त्याची गोष्ट. युरोपात त्यावर १२ वर्षांच्या पुढे असा शिक्का आहे. त्यात खेळण्यातल्या हत्तिणीचा एक प्रसंग आहे, तो खेळताना माझ्याच पोटात कालवलं होतं. सहा वर्षांचं पोर शेजारी बसलेलं असताना मी तो लावणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

थोरल्यासाठी एक चूक मात्र मनाला लागली. मी चौघांना पहिल्या बर्फाच्या डोंगरावरून सुरुवात करून दिली, जिथे खेळ नुसता हात धरून चालायला शिकवतो. याच सॅकबॉयमध्ये वेळेशी शर्यत लावणाऱ्या चाचण्या आहेत. त्यातली शेवटची 'रिपस्नॉर्टर' अशी आहे की मध्ये कुठेही थांबा नाही, पडलात की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे कॉलेजची पोरं ती खेळून रिमोट आपटायच्या बेतात येतात. माझ्या खात्यावर ती उघडलेली आहे. त्याच्यासमोर ती ठेवली असती तर 'बाळबोध' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता, किंवा निघाला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही, रिव्ह्यू आहे तसा राहू द्या, रिमोटचं वाचून पुढचा माणूस बसायच्या आधी काडी तपासून घेईल. बोर्ड काल पुसला. आता लिहिलंय, 'सॅकबॉय, घरच्यांनी मिळून खेळायचा, लहानांना सोपा, दोघांत बरा'. पेंटरने 'दोघांत बरा' का लिहायचं म्हणून वाद घातला, त्याला ते शब्द गिऱ्हाईक पळवणारे वाटतात.

दिवाळीला आलात तर सकाळी १० ला या, ११ नंतर गर्दी होते. आणि धाकट्याची निळी टोपी इथेच राहिलीय, काउंटरच्या खणात आहे.